काटापावतीचा जावा प्रोग्राम विंडोजवरून लिनक्सवर कसा हलवावा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबले. जिनिंगच्या ऑफिसात, रावेर-यावलकडच्या केळीच्या काट्यावर, गावच्या पतसंस्थेत जे आठ-दहा वर्षं जुने पीसी आहेत, त्यांतले पुष्कळ विंडोज ११ घेत नाहीत. तेवढ्यासाठी ते भंगारात काढू नका. त्यावरचा काटापावतीचा किंवा हिशेबाचा प्रोग्राम जावात लिहिलेला असेल, तर तो लिनक्सवर चालतो, आणि बहुतेक वेळा सोर्सची एक ओळही बदलावी लागत नाही. जावाचा कंपायलर तयार करतो तो बाइटकोड, आणि तो ज्यावर चालतो ती जेव्हीएम प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळी मिळते. सन मायक्रोसिस्टिम्सने २००६-०७मध्ये जावाचा सोर्स जीपीएल परवान्याखाली खुला केला. त्यातूनच आलेलं ओपनजेडीके आज प्रत्येक लिनक्समध्ये फुकट मिळतं.

जार फाइल, म्हणजे कंपाइल झालेला प्रोग्राम ज्यात बांधलेला असतो ती, दोन्हीकडे तीच असते. बदलतं ते तिच्या भोवतीचं: भाषेची सेटिंग, फॉन्ट, फाइलींची नावं, काट्याचा पोर्ट, लाइट गेल्यावर डिस्कवर काय उरतं ते. प्रोग्राम अडतो तो इथेच. म्हणून या मार्गदर्शकात इन्स्टॉलेशन थोडक्यात आहे आणि भोवतालच्या गोष्टी सविस्तर.

एक सूचना आधीच. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

आधी मशीन तपासा

कुठल्याही लाइव्ह पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा आणि टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा द्या. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत प्रोसेसर ३२ बिट, ६४ बिट की दोन्ही चालवतो ते दिसतं. ६४ बिट दिसलं तर डेबियन १३ किंवा उबुंटू २४.०४ घ्या. विंडोज ३२ बिटचं होतं म्हणून मशीनही ३२ बिटचं, असं धरून चालू नका. २ जीबी रॅमच्या पीसींवर कित्येकदा ६४ बिट प्रोसेसर असूनही ३२ बिट विंडोज टाकलेलं असतं.

मशीन खरोखरच ३२ बिटचं असेल तर रस्ता अरुंद आहे. डेबियन १३ला ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही, आणि जावा २५मधून ३२ बिट एक्स८६चा आधार काढून टाकला आहे. अशा मशीनवर डेबियन १२ आणि जावा १७ चालतं. मात्र नवं काम उभं करायला ते मशीन घेऊ नये.

रॅम २ जीबी असेल तर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी डेस्कटॉप निवडा. ४ जीबी असेल तर पुष्कळ झालं.

जुन्या पीसीत आणखी एक गोष्ट नेहमी संपलेली असते: मदरबोर्डवरची घड्याळाची बटन सेल. ती संपली की लाइट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग पॅकेज उतरवताना ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ अशा अर्थाची एरर येते, ब्राउझर प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र नाकारतो, आणि पावतीवर भलतीच तारीख छापली जाते. सीआर२०३२ सेल आधी बदला, मगच पुढे जा. बायोसमध्ये शिरलाच आहात तर वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याची सेटिंगही चालू करून ठेवा.

जावा बसवताना

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल डिफॉल्ट-जेडीके

डेबियन १२वर यातून जावा १७ येतं, डेबियन १३ आणि उबुंटू २४.०४वर जावा २१, आणि उबुंटू २२.०४वर अजून जावा ११. नेमकी आवृत्ती हवी असेल तर ‘ओपनजेडीके-१७-जेडीके’ असं पॅकेजचं नाव द्या.

नावाच्या शेवटाकडे नीट लक्ष द्या. ‘जेआरई-हेडलेस’ हे पॅकेज सर्व्हरसाठी असतं आणि त्यात खिडक्या काढण्याचा भाग नसतो. आकाराने लहान म्हणून लोक तेच बसवतात, आणि मग स्विंगचा, म्हणजे जावाच्या खिडक्यांच्या लायब्ररीवर लिहिलेला, प्रोग्राम ‘हेडलेस-एक्सेप्शन’ किंवा ‘लिबएडब्ल्यूटी-एक्सएडब्ल्यूटी’ ही फाइल सापडत नाही असं सांगून बंद पडतो. ज्या पीसीवर प्रोग्राम फक्त चालवायचा आहे तिथे ‘हेडलेस’ नसलेलं साधं ‘जेआरई’ पुरतं. जिथे कंपाइल करायचं तिथे ‘जेडीके’.

एका मशीनवर दोन-तीन आवृत्त्या सुखाने नांदतात. त्यातली कुठली वापरायची ते असं ठरवा:

सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --कॉन्फिग जावा

कंपायलरसाठी हीच आज्ञा ‘जावासी’ लिहून पुन्हा द्यावी लागते. हे राहून गेलं की कंपाइल २१वर होतं आणि चालवायला १७ उठतं. तेव्हा येते ती ‘अनसपोर्टेड-क्लास-व्हर्जन-एरर’. तिच्यातल्या आकड्यांचा अर्थ सरळ आहे: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. ‘क्लास फाइल ६५, हा रनटाइम ६१पर्यंतच ओळखतो’ असा संदेश आला तर एकतर मशीनवर २१ बसवा, नाहीतर कंपाइल करताना ‘--रिलीज १७’ हा पर्याय द्या. जुने ‘सोर्स’ आणि ‘टार्गेट’ हे पर्याय वापरू नका. त्यांनी आकडा जुना पडतो, पण जुन्या आवृत्तीत नसलेली मेथड कोडमध्ये शिरली तर ते हटकत नाहीत, ‘--रिलीज’ हटकतो.

काट्यावर इंटरनेट नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी त्याच आवृत्तीचं, त्याच बिटचं लिनक्स नव्याने टाकलेल्या मशीनवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल --डाउनलोड-ओन्ली’ वापरून पॅकेजं उतरवा. ती ‘/व्हार/कॅशे/ॲप्ट/आर्काइव्ह्ज’मध्ये जमा होतात. तिथल्या सगळ्या डेब फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि काट्याच्या मशीनवर त्या फोल्डरमध्ये उभं राहून ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./*.डेब’ द्या. मशीन नव्याने टाकलेलं असावं यालाही कारण आहे. रोजच्या वापरातल्या मशीनवर निम्म्या लायब्ररी आधीच बसलेल्या असतात, त्या पुन्हा उतरत नाहीत, आणि काट्यावर गेल्यावर नेमक्या त्याच कमी पडतात.

पहिल्यांदा चालवताना

‘जावा -जार काटा.जार’ दिलं आणि खिडकी उघडली, तर उत्तम. नाही उघडली तर बहुधा पुढच्यापैकी एक कारण असतं.

फाइलींच्या नावातली लहान-मोठी अक्षरं. विंडोजला ‘लोगो’ मोठ्या अक्षरात लिहिला काय किंवा लहान, दोन्ही एकच. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली. पावतीवरचं चित्र नाहीसं झालं किंवा सेटिंगची फाइल मिळत नाही म्हणतो, तर आधी हेच बघा.

मार्ग जोडताना उलटा तिरकस दंड कोडमध्ये हाताने लिहिलेला असेल, तर लिनक्सवर तो फाइलच्या नावाचाच भाग होऊन बसतो आणि ‘डेटा\पावती.टीएक्सटी’ अशा विचित्र नावाची एकच फाइल तयार होते. एरर येत नाही, म्हणून हे लवकर लक्षात येत नाही. ‘पाथ.ऑफ’ला तुकडे वेगवेगळे द्या. ‘सी’ ड्राइव्हचा उल्लेख कोडमध्ये कुठेही ठेवू नका. डेटा कुठे ठेवायचा ते सेटिंग फाइलमधून वाचा.

क्लासपाथमध्ये, म्हणजे जावाने क्लास आणि जार कुठे शोधायच्या त्या यादीत, विंडोजवर अर्धविराम, लिनक्सवर अपूर्णविराम. आणि ‘लिब/*’ लिहायचं असेल तर ते अवतरणात घाला, नाहीतर तारांकनाचा अर्थ जावाऐवजी शेलच लावून मोकळं होतं.

नोटपॅडमध्ये लिहिलेली सुरू करायची स्क्रिप्ट लिनक्सवर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणते, कारण प्रत्येक ओळीच्या शेवटी विंडोजचं जास्तीचं चिन्ह असतं. ‘डॉस२युनिक्स’ हे छोटं पॅकेज बसवून फाइल त्यातून काढा. सोर्स फाइलच्या सुरुवातीलाच ‘इल्लीगल कॅरेक्टर’ दिसलं आणि त्यापुढे ‘एफईएफएफ’ असेल, तर ती फाइल बीओएमसकट जतन झाली आहे. ते चिन्ह दिसत नाही. एडिटरमध्ये ‘बीओएमशिवाय यूटीएफ-८’ निवडून पुन्हा जतन करा.

मराठी अक्षरं आणि मराठी आकडे

खरा वेळ इथे जातो, आणि इंग्रजी मार्गदर्शकांत याबद्दल फारसं काही नसतं.

पहिली पायरी फॉन्टची.

सुडो ॲप्ट इन्स्टॉल फॉन्ट्स-देवा फॉन्टकॉन्फिग
एफसी-लिस्ट :लँग=एमआर

दुसऱ्या आज्ञेने मराठी दाखवू शकणाऱ्या फॉन्टची यादी येते. ती रिकामी आली तर स्विंगच्या खिडकीत चौकोनच दिसणार. पेनड्राइव्ह घेऊन दहा गावांत प्रोग्राम बसवायचा असेल तर मशीनच्या फॉन्टवर विसंबूच नका. नोटो सॅन्स देवनागरी खुल्या परवान्याचा आहे. तो जारमध्ये घाला आणि ‘फॉन्ट.क्रिएटफॉन्ट’ने उचला. मग दहाही मशीनवर पावती सारखी दिसते.

जावा ९पासून ओपनजेडीके जोडाक्षरं हार्फबझ या लायब्ररीकडून बसवून घेतं, त्यामुळे ‘क्विंटल’ किंवा ‘शेंदुर्णी’ नीट येतं. तरीही काना-वेलांट्या सुट्या पडत असतील तर कोड एकेक कॅरेक्टर वेगळं काढतो आहे. पूर्ण शब्द एकदम काढायला द्या.

जुना डेटा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर तो लिनक्सवर अगम्य इंग्रजी अक्षरांसारखा दिसेल. तो खराब झालेला नाही. मुळात तो तसाच साठवलेला होता, फक्त फॉन्ट त्यावर मराठी आकार चढवत होता. त्याला उपाय एकच, कन्व्हर्टरमधून काढून युनिकोड करणं. शेतकऱ्यांची नावं मात्र नंतर डोळ्यांनी तपासा, विशेषतः रफार आणि र्‍हस्व वेलांटी असलेली, कारण जुन्या फॉन्टमध्ये त्यांचा क्रम उलटा असतो.

दुसरी पायरी लोकेलची, म्हणजे भाषा आणि अक्षरांच्या सेटिंगची. जावा १८पासून फाइल वाचता-लिहिताना यूटीएफ-८ हेच गृहीत असतं. १७ आणि त्याआधी ते मशीनच्या लोकेलवर ठरतं, म्हणून तिथे ‘-डीफाइल.एन्कोडिंग=यूटीएफ-८’ हा पर्याय द्या. त्यात सुरुवातीचं डी आणि यूटीएफ मोठ्या लिपीत. पण स्क्रीनवर किंवा लॉगमध्ये काय छापलं जातं ते नव्या आवृत्तीतही लोकेलच ठरवतं. टर्मिनलमधून चालवलं तर मराठी छान दिसतं आणि क्रॉन (ठरल्या वेळी चालवणारं) किंवा सिस्टिमडी (सेवा आपोआप सुरू करणारं) यांतून चालवलं तर तोच मजकूर प्रश्नचिन्हांची रांग होतो, याचं कारण हेच: तिथे लोकेल दिलेलंच नसतं. फाइलचं नाव ‘भुसावळ.सीएसव्ही’ असं मराठीत असेल तर ती फाइल उघडतच नाही, ‘इनव्हॅलिड-पाथ-एक्सेप्शन’ येतं. उपाय एका ओळीचा आहे. चालवण्याआधी ‘लँग’ या व्हेरिएबलला ‘सी.यूटीएफ-८’ ही किंमत द्या. व्हेरिएबलचं नाव आणि सी, यूटीएफ ही अक्षरं मोठ्या लिपीत. हे लोकेल डेबियनमध्ये आधीपासून असतं, वेगळं तयार करावं लागत नाही.

मग थेट मराठी लोकेलच का लावू नये? डेस्कटॉप मराठीत हवा असेल तर जरूर लावा. पण प्रोग्रामला ते अनपेक्षितपणे मिळालं की आकडे बिघडतात, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

मराठी लोकेलमध्ये जावा ९पासून आकड्यांचं रूप देवनागरी असतं. म्हणजे ‘स्ट्रिंग.फॉर्मॅट’मध्ये ‘%डी’ वापरून १२५० छापायला गेलात की ‘१२५०’ असे मराठी आकडे येतात. पावतीवर ते शोभून दिसतात. पण त्याच पद्धतीने तुम्ही डेटाबेसची क्वेरी, सीएसव्हीची ओळ किंवा फाइलचं नाव बनवत असाल, तर तिथेही मराठी आकडे जातात आणि पलीकडचा प्रोग्राम अडतो. विंडोज इंग्रजीत होतं तेव्हा हे कधी झालंच नाही, म्हणून दोष लिनक्सवर जातो. ‘सिंपल-डेट-फॉर्मॅट’चंही तसंच. नियम असा ठेवा: माणसाने वाचायचं ते ‘लोकेल’ मराठी देऊन छापा, मशीनने वाचायचं ते नेहमी ‘लोकेल.रूट’ देऊन. दोन्ही ठिकाणी लोकेल हाताने लिहा, डिफॉल्टवर सोडू नका.

उलट बाजू, म्हणजे खिडकीत टाइप केलेले मराठी आकडे वाचणं. ‘इंटिजर.पार्सइंट’ला ‘१२५०’ दिलं तर तो आनंदाने बाराशे पन्नास देतो. ‘डबल.पार्सडबल’ला ‘१२.५०’ दिलं तर ‘नंबर-फॉर्मॅट-एक्सेप्शन’. त्यामुळे पोत्यांची संख्या घेतली जाते, वजन घेतलं जात नाही, आणि कारण कळत नाही. वजन आणि रक्कम दोन्हीसाठी ‘बिगडेसिमल’ वापरा. तो मराठी आकडे वाचतो, आणि पैशांच्या हिशेबात डबलमुळे येणारी पैशा-दोन पैशांची तफावतही त्यात येत नाही. क्विंटलचा भाव गुणिले वजन हा गुणाकार डबलमध्ये करू नये, हे एरवीही पाळायला हवं.

आता लाखाचा स्वल्पविराम. साडेबारा लाख रुपये आपण १२,५०,००० लिहितो. जावाचा ‘डेसिमल-फॉर्मॅट’ मराठी लोकेलमध्येही १,२५०,००० छापतो, कारण त्याला गटाचा एकच आकार कळतो. पॅटर्नमध्ये दोन स्वल्पविराम दिले तरी तो शेवटचा गट तेवढा धरतो. याला दोन उपाय आहेत. आयसीयू४जे ही लायब्ररी जोडा. तिचा ‘नंबर-फॉर्मॅट’ भारतीय गट बरोबर पाडतो. नाहीतर दहा ओळींची मेथड लिहा: दशांशापुढचा भाग बाजूला काढा, शेवटचे तीन अंक तोडा, उरलेल्यात उजवीकडून दर दोन अंकांनंतर स्वल्पविराम घाला, मग सगळं जोडा. ऋण रकमेचं चिन्ह आधी काढून ठेवायला विसरू नका, नाहीतर ‘-,१२,५००’ असं काही छापलं जाईल. फक्त काटापावतीसाठी दुसरा उपाय पुरतो.

व्हेरिएबलला ‘वजन’ किंवा ‘भाव’ असं मराठी नाव दिलेलं जावाला चालतं. क्लासचं नाव मात्र इंग्रजी अक्षरांतच ठेवा. क्लासच्या नावाची फाइल तयार होते, आणि लोकेल नसलेल्या ठिकाणी ती सापडत नाही.

खान्देशात काम करताना आणखी एक गोष्ट करता येते आणि ती करावी. खिडकीतला मजकूर ‘रिसोर्स-बंडल’मध्ये ठेवला की अहिराणीची स्वतंत्र फाइल देता येते. अहिराणीचा आंतरराष्ट्रीय संकेत ‘एएचआर’ आहे. मूळ फाइलच्या नावापुढे अधोरेषा आणि हा संकेत जोडून नवी प्रॉपर्टीज फाइल करा आणि ‘लोकेल.फॉर-लँग्वेज-टॅग’ला ‘एएचआर-आयएन’ द्या. ‘तुमनं नाव’, ‘तुमनं गाव’ असं थेट देवनागरीत लिहा. जावा ९पासून प्रॉपर्टीज फाइल यूटीएफ-८ म्हणूनच वाचली जाते. जावाकडे अहिराणीसाठी आकडे-तारखांची माहिती नाही, म्हणून आकडे इंग्रजी येतील. आकड्यांसाठी मराठी लोकेल वेगळं द्या. जो मजकूर अहिराणी फाइलमध्ये नसेल तो मूळ फाइलमधून घेतला जातो, त्यामुळे आधी वीस-पंचवीस रोजचे शब्द भरून सुरुवात करता येते.

वजनकाटा जोडताना

काट्याचा इंडिकेटर आकडे सीरियल केबलने पाठवतो आणि पीसीकडे आज यूएसबी कन्व्हर्टर असतो. तो लावल्यावर ‘सुडो डीमेस्ग’ ही आज्ञा देऊन पाहा. शेवटच्या ओळींत ‘टीटीवाय-यूएसबी०’ (यूएसबी मोठ्या अक्षरांत, मध्ये जोडरेघ नाही) दिसलं की लिनक्सने तो ओळखला. वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

परवानगी लागते. पोर्ट ‘डायलआउट’ या गटाच्या मालकीचा असतो, म्हणून:

सुडो यूजरमॉड -एजी डायलआउट वापरकर्ता

यात ए लहान आणि जी मोठं. ए विसरलात तर तो वापरकर्ता बाकीच्या सगळ्या गटांतून, सुडोमधूनही, बाहेर फेकला जातो. नंतर लॉगआउट करून पुन्हा आत या. त्याशिवाय बदल लागू होत नाही.

उबुंटू २२.०४वर स्वस्त सीएच३४० कन्व्हर्टर लावला की पोर्ट दिसतो आणि लगेच नाहीसा होतो. केबल बदलून उपयोग नाही. ‘बीआरएलटीटीवाय’ ही ब्रेल पटलासाठीची सेवा त्याला आपलं उपकरण समजून ताब्यात घेते. डीमेस्गमध्ये तिचं नावही दिसतं. त्या मशीनवर ब्रेल पटल वापरणारं कोणी नसेल तर ते पॅकेज काढून टाका.

कोडमध्ये ‘टीटीवाय-यूएसबी०’ हे नाव लिहू नका. दुसरा कन्व्हर्टर लागला की क्रमांक बदलतात. ‘/डेव्ह/सीरियल/बाय-आयडी’मधलं लांब नाव वापरा. एकसारखे दोन सीएच३४० असतील तर त्यांना वेगळे अनुक्रमांक नसतात आणि बाय-आयडीत गोंधळ होतो. अशा वेळी ‘बाय-पाथ’ वापरा आणि कुठली केबल कुठल्या खाचेत ते पीसीवर चिकटपट्टी लावून लिहा.

जावाकडून वाचायला जे-सीरियल-कॉम ही लायब्ररी बरी. त्याआधी मात्र ‘स्क्रीन’ या प्रोग्राममध्ये पोर्ट आणि ९६०० देऊन काटा काय पाठवतो ते डोळ्यांनी पाहा. कचरा दिसला तर वेग चुकतो आहे: ४८००, २४०० करून पाहा. तरीही एकेक अक्षर भलतंच येत असेल तर इंडिकेटर सात बिट आणि सम पॅरिटीवर असू शकतो. त्याच्या सेटिंगमध्ये पाहून घ्या.

बहुतेक इंडिकेटर आकडे सतत पाठवत राहतात, आणि तुम्ही पोर्ट उघडता तो क्षण ओळीच्या मधोमध असतो. ‘१२४५०’मधलं ‘४५०’ एवढंच हाती येतं आणि भरल्या ट्रॅक्टरचं वजन साडेचारशे किलो लागतं. म्हणून पोर्ट उघडल्यावर पहिला ओळ-शेवट येईपर्यंतचं सगळं टाकून द्या. त्यानंतर पूर्ण ओळीची लांबी तपासा, आणि लागोपाठ काही ओळी सारख्या आल्याशिवाय वजन पक्कं धरू नका. गाडी काट्यावर डोलत असताना घेतलेल्या वजनावरून शेतकरी आणि व्यापारी यांच्यात वाद होतो. ही तपासणी प्रोग्रामनेच करायला हवी.

लायब्ररी आपला मशीनसाठीचा भाग ‘/टीएमपी’ या तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते. तो फोल्डर ‘नोएक्झेक’ (तिथून काही चालवू न देणारी सेटिंग) लावून बसवलेला असेल तर ‘अनसॅटिस्फाइड-लिंक-एरर’ येते. ‘-डीजावा.आयओ.टीएमपीडिर’ (सुरुवातीचं डी मोठं) देऊन दुसरा फोल्डर दाखवा.

लाइट जाते ते धरून चाला

लिनक्स फाइलमध्ये लिहिलेलं लगेच डिस्कवर नेत नाही. साधारण ३० सेकंदांपर्यंत ते मेमरीत राहू शकतं. तेवढ्यात लाइट गेली तर फाइल सिस्टिम शाबूत राहते, पण शेवटच्या पावत्या जातात, किंवा अर्धी लिहिलेली फाइल उरते. सेटिंगसारखी छोटी फाइल लिहिताना आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहा, ‘फाइल-चॅनल’वर ‘फोर्स(ट्रू)’ बोलवा, आणि मग ‘ॲटॉमिक-मूव्ह’ने खऱ्या नावावर आणा. म्हणजे जुनी तरी पूर्ण मिळते, नाहीतर नवी तरी.

पावत्यांसाठी मात्र स्वतःची फाइल-पद्धत रचत बसू नका. एसक्यूलाइट हा एका फाइलीतला छोटा डेटाबेस घ्या, आणि ‘सिंक्रोनस’ ही सेटिंग ‘फुल’वरून हलवू नका. वेग वाढतो म्हणून ती बंद करण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. काट्यावर मिनिटाला एखादी पावती होते, तिथे तो वेग कुणालाच नको आहे.

वजन वाचणारा भाग आपोआप सुरू व्हायला सिस्टिमडीची सेवा करा. ‘/ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम’मध्ये ‘काटा.सर्व्हिस’ नावाची फाइल, आणि तिच्या ‘सर्व्हिस’ भागात एवढं पुरे (भागांच्या आणि सेटिंगच्या नावांत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, मध्ये जोडरेघ नाही): ‘यूजर’मध्ये डायलआउट गटातला वापरकर्ता, ‘एन्व्हायर्नमेंट’मध्ये वर सांगितलेलं लँग, ‘एक्झेकस्टार्ट’मध्ये जावाचा पूर्ण मार्ग आणि जारचा पूर्ण मार्ग, ‘रिस्टार्ट’ला ‘ऑन-फेल्युअर’, आणि ‘सक्सेस-एक्झिट-स्टेटस’ला १४३. शेवटचा आकडा यासाठी की सेवा थांबवल्यावर जावा १४३ हा कोड देऊन बाहेर पडतं, आणि तो नोंदवला नाही तर व्यवस्थित थांबलेली सेवाही सिस्टिमडी ‘फेल’ म्हणून दाखवतं. ‘इन्स्टॉल’ भागात ‘वाँटेडबाय’ला ‘मल्टी-यूजर.टार्गेट’ लिहा, मग:

सुडो सिस्टिमसीटीएल डीमन-रिलोड
सुडो सिस्टिमसीटीएल एनेबल --नाउ काटा
जर्नलसीटीएल -यू काटा -एफ

शेवटच्या आज्ञेने लॉग चालू दिसतो. खिडकी असलेला प्रोग्राम अशा सेवेत टाकू नका. तिथे पडदाच नसतो. तो डेस्कटॉपच्या ऑटोस्टार्टमध्ये ठेवा आणि दोघांमध्ये एसक्यूलाइटची एकच फाइल वापरा.

सगळं जुळल्यावर पावत्या छापत असतानाच मशीनचा प्लग काढून पाहा. पुन्हा सुरू झाल्यावर शेवटची छापलेली पावती डेटाबेसमध्ये आहे का, घड्याळ बरोबर आहे का, सेवा आपोआप उठली का, हे तीन बघा. ही चाचणी खऱ्या हंगामाआधी, खोट्या नोंदींवर करा.

मेमरीबद्दल थोडंसं. जावा डिफॉल्टने रॅमच्या एक चतुर्थांशापर्यंत हीप, म्हणजे प्रोग्रामच्या डेटाची मेमरी, वाढू देतं. २ जीबीच्या मशीनवर काटापावतीला ‘-एक्सएमएक्स२५६एम’ पुरतं, यात पहिलं एक्स मोठं. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पत्र्याखालच्या खोलीत प्रोग्राम दुपारीच संथ होत असेल तर हीप वाढवून काही होणार नाही. ‘एलएम-सेन्सर्स’ बसवून प्रोसेसरचं तापमान पाहा, पंख्यातली धूळ काढा.

दुसऱ्यांना देताना

समोरच्याला जावा बसवायलाही लागू नये असं वाटत असेल तर ‘जेपॅकेज’ वापरा. जावा १६पासून ते जेडीकेमध्येच आहे. ते प्रोग्राम आणि लागणारी जेव्हीएम एकत्र बांधून डेब फाइल देतं. त्यासाठी ‘फेकरूट’ हे पॅकेज मशीनवर हवं. डेब लिनक्सवरच बनते, विंडोजवर बसून बनत नाही. आणि ती तुमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या लिनक्सवर बनवा. डेबियन १३वर बांधलेली डेब डेबियन १२वर ‘जीलिबसी’ची आवृत्ती सापडत नाही म्हणून चालायला नकार देऊ शकते, १२वर बांधलेली सहसा दोन्हीकडे चालते.

फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्या पण वेगळ्या सिस्टिमवर न्यायचं असेल तर जेपॅकेजची डेब उपयोगाची नाही, पण जार तशीच चालते. ‘पीकेजी इन्स्टॉल ओपनजेडीके१७’ दिल्यावर शेवटी जो संदेश येतो तो वाचा: ‘एफडीईएससीएफएस’ आणि ‘प्रॉकएफएस’ या दोन फाइल सिस्टिम ‘/ईटीसी/एफएसटॅब’मध्ये जोडायला त्यात सांगितलेलं असतं. दोन्ही ओळी लिहा आणि माउंट करा. तिथे यूएसबी कन्व्हर्टरच्या पोर्टचं नाव ‘सीयूएयू०’ (त्यात दुसरं यू मोठं) असतं आणि गट ‘डायलआउट’ऐवजी ‘डायलर’. पोर्टचं नाव सेटिंग फाइलमध्ये असेल तर तेवढी एक ओळ बदलून काटा सुरू होतो.